बंड्या आता फाटकाशी बसत नाही

पत्राचा सारांश: दक्षिण महाराष्ट्रातल्या एका शहरातून एका ताईंनी लिहिलं आहे. वय 63. यजमान गेले त्याला दहा महिने झाले. घर स्वतःचं, खाली त्या, वर भाडेकरू. एकुलती एक लेक बंगळूरला नोकरीला. घरात अकरा वर्षांचा गावठी कुत्रा आहे. यजमानांनीच एका पावसाळ्यात गटारीच्या कडेला भिजत पडलेलं पिल्लू उचलून आणलं होतं. त्याला आपण इथे बंड्या म्हणू. यजमान रोज संध्याकाळी स्कूटरवरून मित्राच्या दुकानात जाऊन बसायचे आणि सातच्या सुमाराला परतायचे. स्कूटर कोपऱ्यावर वळली की बंड्या फाटकाशी हजर. ते गेल्यावरही कित्येक आठवडे तो सातला फाटकाशी जाऊन बसे, खाणंही निम्म्यावर आलं होतं. नणंदबाई ते पाहून म्हणाल्या, "मुक्या जनावराला कळतं हो. धर्मराजामागे शेवटपर्यंत कोण गेलं? कुत्रंच ना!" ताई त्याच आठवड्यात भिशीला जाऊन आल्या होत्या, त्यामुळे ते बोलणं फार लागलं. गेल्या दोनेक महिन्यांपासून मात्र बंड्या फाटकाशी जात नाही. कधी कधी सातला उठतो, व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत येतो, उभा राहतो आणि आत वळतो. एरवी स्वयंपाकघरात फरशीवर पडून असतो. वरच्या भाडेकरूंचा मुलगा शाळेतून येऊन त्याच्याशेजारी बसला की शेपटी हलवतो. लेक म्हणते, "बघ आई, बंड्या कसा सावरला. कुत्री आजच्या क्षणात जगतात. शीक त्याच्याकडून." तशाच अर्थाचे फॉरवर्ड रोज येतात. आईने तीन-चार महिने बंगळूरला येऊन राहावं हा तिचा आग्रह, आणि "बंड्याला कोण बघणार?" हे ताईंचं ठरलेलं उत्तर. ताई लिहितात: "परवा मी त्याला म्हटलं, विसरलास ना त्यांना? तर त्याने मान खाली घातली. ज्यांच्या हातचं अकरा वर्षं खाल्लं त्यांना हा दहा महिन्यांत विसरला याचा मला राग येतो. मला विसरता येत नाही म्हणून स्वतःचाही येतो. मी याच्याकडून नेमकं काय शिकायचं? वाट बघायला की विसरायला?"

ताई,

आधी एक काम करा. याच आठवड्यात बंड्याला जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. बाकीचं सगळं त्यानंतर.

पायऱ्यांपर्यंत येतो आणि आत वळतो, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. माझी नजर तिथेच अडली. जो विसरला तो सातला उठून व्हरांड्यात कशाला येईल? मला वाटतं, बंड्याला त्या पायऱ्या उतरवत नाहीत.

अकरा वर्षं म्हणजे कुत्र्याचं म्हातारपण. त्याला जरा निरखून बघा. झोपेतून उठताना तो आधी पुढचे पाय रोवतो, मागचा भाग तसाच जमिनीला टेकलेला, आणि मग एक हिसका देऊन मागचे पाय ओढून घेतो, असं होतं का? गुळगुळीत फरशीवर वळताना मागचे पाय सरकतात का? एकच सांधा इतका चाटतो का की तिथले केस तांबूस पडलेत? सकाळी पहिली काही पावलं आखडत टाकतो आणि मग मोकळा चालतो का? ही सांधेदुखीची लक्षणं आहेत. जुनं दुखणं असलं की कुत्री क्वचितच केकाटतात. ती नुसती गप्प होतात, हिंडणं कमी करतात, आणि घरच्यांना वाटतं की याचं मन लागत नाही किंवा हा आता सावरला. याच वयात कान मंदावतात, डोळ्यांत मोतीबिंदू येतो, मूत्रपिंडं कुरकुरायला लागतात. डॉक्टर हातापायाचे सांधे हलवून बघतील, रक्त तपासतील, गरज वाटली तर एक्स-रे काढतील. माझा अंदाज चुकूही शकतो. पण त्याने निष्ठा सोडली असा ठपका ठेवण्याआधी त्याचे गुडघे तरी बघायला हवेत.

तोवर घरी करण्यासारखं बरंच आहे. तो जिथून जिथे जातो त्या वाटेवर सतरंजी किंवा रबरी मॅट टाका, म्हणजे पाय सरकणार नाहीत. गार फरशीऐवजी जाड गोधडी द्या. नखं वाढली असतील तर कापून घ्या. पायऱ्यांवर एक रुंद, खडबडीत फळी उतरती बसवून घ्या. कुठलाही सुतार अर्ध्या दिवसात करून देईल. आणि हे फार महत्त्वाचं आहे: आपल्या कपाटातली दुखण्यावरची गोळी त्याला देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल यांनी कुत्र्याचं पोट, मूत्रपिंड, यकृत बिघडतं. थोड्या मात्रेनेही जिवावर बेतू शकतं. कुत्र्यांसाठी वेगळी औषधं असतात आणि ती डॉक्टरच देतील.

आता त्याने मान खाली घातली त्याबद्दल. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी 2009 साली नेमकं हेच तपासलं होतं. मालकाने खाऊ खायला मनाई करायची आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर काही जणांना कुत्र्याने खाऊ खाल्ला असं सांगितलं, काहींना खाल्ला नाही असं. त्यातलं काही खरं होतं, काही खोटं. अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावल्यावर. कुत्र्याने खरोखर खाल्लं होतं की नाही याच्याशी त्याचा संबंध नव्हता. उलट काहीच न करता बोलणी खाणाऱ्या कुत्र्यांचा चेहरा जास्तच पडला होता. बंड्याने तुमचा प्रश्न ऐकला नाही, ताई. त्याने तुमचा आवाज ऐकला. त्या आवाजात राग होता, रडू होतं, म्हणून त्याने मान खाली घातली.

हे सविस्तर सांगण्याचं कारण असं की तुमच्या घरात सध्या तिघीजणी बंड्याच्या तोंडून बोलताहेत. वन्संना त्याच्यात निष्ठा दिसते, लेकीला विरक्ती दिसते, तुम्हाला कधी कृतघ्नपणा दिसतो तर कधी तुमच्यापेक्षा शहाणपण. कुत्रा तोच, शिकवणी मात्र एकमेकींच्या अगदी उलट. मग त्या शिकवणी त्याच्याकडून आलेल्या असतील का?

"कुत्री आजच्या क्षणात जगतात" हे वाक्य सगळीकडे फिरतं आणि मला ते पटत नाही. साखळी हातात घेतली की दाराशी धावणारा प्राणी पुढचा विचार करतो. स्कूटरच्या आवाजाची वेळ ठाऊक असणारा प्राणी मागचं लक्षात ठेवतो. बुडापेस्टच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की मालकाने सहज केलेली एखादी कृती, पुढे कोणी विचारेल अशी कल्पनाही नसताना, कुत्री काही काळाने आठवून करून दाखवू शकतात. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत ग्रेगरी बर्न्स यांच्या चमूने कुत्र्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये शांत पडून राहायला शिकवलं आणि वेगवेगळे वास दिले: स्वतःचा, ओळखीच्या आणि अनोळखी कुत्र्याचा, ओळखीच्या आणि अनोळखी माणसाचा. काहीतरी चांगलं मिळणार म्हणून मेंदूचा जो भाग जागा होतो, तो सगळ्यात जास्त उजळला ओळखीच्या माणसाच्या वासाने, आणि ते माणूस त्या वेळी खोलीत नव्हतं. यजमानांचा एखादा शर्ट अजून कपाटात असेल तर बंड्यासमोर धरून बघा. बघावंसं वाटलं तरच. तो काय करतो ते पाहण्याची तुमच्या मनाची तयारी नसेल तर राहू द्या.

कुत्री शोक करतात का, यावर इटलीतला एक अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. घरातल्या दोन किंवा जास्त कुत्र्यांपैकी एक गेला अशा 426 जणांना विचारलं, तेव्हा 86 टक्के लोकांनी मागे राहिलेल्याच्या वागण्यात बदल सांगितला: माणसाला चिकटून राहणं, खेळणं कमी, झोप जास्त, खाणं कमी. ही माहिती माणसांनीच दिलेली, आणि ती एका कुत्र्याने दुसरा कुत्रा गमावल्याची आहे, हे लक्षात ठेवायला हवं. पण बंड्याचं खाणं निम्म्यावर आलं होतं ते तुम्ही स्वतः पाहिलंत. त्याच्या परीने त्याने दहा महिने काढले आहेत, तुमच्या शेजारीच.

वन्संच्या धर्मराजाकडे येते. त्या गोष्टीत कुत्रं मागे मागे चालत गेलं हे खरं, पण परीक्षा कुत्र्याची नव्हती. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्र्याला सोड नि वर चढ. धर्म म्हणाला, माझ्या आधाराला आलेल्याला मी सोडणार नाही. कसोटीला लागलं होतं ते माणूस. तुमच्या घरात धर्मराजाच्या जागी कोण आहे सांगा बरं? माणूस गेल्याच्या दुसऱ्या दिवशीही ज्या बाईने बंड्याला भाकरी कुस्करून घातली असेल, ती. भिशीला गेलात म्हणून यात काही उणं होत नाही.

फॉरवर्डमध्ये जपानचा हाचिको तुम्हाला कधीतरी आलाच असेल. टोकियोतल्या हिदेसाबुरो उएनो या प्राध्यापकांचा तो अकिता कुत्रा. 1925 च्या मे महिन्यात प्राध्यापक अचानक गेले, आणि 1935 च्या मार्चमध्ये स्वतः मरेपर्यंत हाचिको शिबुया स्टेशनवर त्यांची वाट बघत राहिला. त्याच्या हयातीतच तिथे त्याचा पुतळा उभा राहिला. फॉरवर्डमध्ये जी येत नाही ती गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. प्राध्यापकांच्या घरात एक बाई होत्या, याए साकानो. दोघं नवरा-बायकोसारखे राहत होते, पण लग्नाची कायदेशीर नोंद झालेली नव्हती. प्राध्यापक गेल्यावर त्यांना ते घर सोडावं लागलं. त्या 1961 साली वारल्या. आपल्या अस्थी त्यांच्याशेजारी ठेवाव्यात अशी त्यांची इच्छा होती; ती पुरी व्हायला 2016 साल उजाडलं. कुत्र्याच्या वाट बघण्याकडे साऱ्या देशाचं लक्ष होतं. त्या बाईंची संध्याकाळ कशी जात असेल, हे कितीजणांनी विचारलं असेल?

तुमची कशी जाते, ताई?

हे विचारतेय कारण तुमच्या लांबलचक पत्रात बंड्याचं जेवण, त्याची झोप, त्याची शेपूट, वन्संचं बोलणं, लेकीचा आग्रह, सगळं आहे. तुम्हाला काय हवंय ते कुठेच नाही. बंड्याकडून काही घ्यायचंच असेल तर मला दिसतं ते हे: तो मागतो. त्याला अंगावरून हात फिरवून हवा असला की तो नाक तुमच्या तळव्याखाली घालतो आणि हात वर उचलतो. कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने हे हजारदा अनुभवलेलं असतं. हात खाली पडला की पुन्हा उचलतो. भूक लागली की ताटली वाजवतो, बाहेर जायचं असलं की दार खरवडतो, कोणी शेजारी बसलेलं आवडलं की शेपूट आपटतो. आपण मागितलं तर समोरच्याला त्रास होईल का, लोक काय म्हणतील, याचा हिशोब तो करत नाही. वरचा मुलगा त्याच्याशेजारी बसतो, म्हणून तो त्या मुलावर खूश आहे. यात यजमानांशी बेइमानी कुठे आली? आपल्याकडे बायकांना न मागता ओळखून द्यायला शिकवतात आणि स्वतःसाठी मागायला लाज वाटावी असं वाढवतात. चाळीस वर्षांच्या संसारात निदान एक माणूस न मागता ओळखणारं होतं. ते आता नाही. म्हणून आता तोंडाने सांगायला हवं.

लेकीला लिहा: "फॉरवर्ड नकोत. रोज सातला फोन कर, पाच मिनिटं का होईना." तिला बरं वाटेल बघा. तिनेही वडील गमावलेत, आणि सहा-सातशे किलोमीटरवरून आईसाठी काय करावं ते न कळून ती मिळेल ते पाठवत बसली आहे. तिला काहीतरी करायला द्या.

वन्संशीही बोला. त्यांचा टोमणा चुकीचा होता आणि तो तुम्हाला लागला हे त्यांना कळायला हवं. पण त्यांचा भाऊ गेलाय. आपला भाऊ सगळे विसरून जातील या भीतीने त्या फाटकाशी बसलेल्या कुत्र्याकडे बघत असतील. "वन्सं, मी भिशीला गेले ते विसरले म्हणून नाही. संध्याकाळी मला घर खायला उठतं. मंगळवारी चहाला या, यांच्याबद्दल बोलत बसू." एवढं म्हणून बघा. त्या आल्या तर उत्तम. नाही आल्या तर भिशी चालू ठेवा, आणि पुन्हा टोमणा आला तर सरळ सांगा की असं बोललेलं मला सहन होत नाही.

सातच्या वेळेचं काहीतरी करायला हवं, कारण ती वेळ रोज येणार. डॉक्टरांनी चालायला हरकत नाही म्हटलं तर साडेसहाला त्याला घेऊन बाहेर पडा. लांब जायचं नाही, भरभर चालायचं नाही. त्याला हवं तिथे थांबू द्या, हुंगू द्या. आपल्यासाठी तो एक विजेचा खांब असतो, त्याच्यासाठी दिवसभर तिथून कोण कोण गेलं याची सगळी बातमी असते. होरोविट्झबाईंच्याच आणखी एका अभ्यासात, नाकाने शोधण्याचा खेळ खेळणारी कुत्री पुढच्या चाचणीत जास्त उमेदीने वागलेली दिसली. त्याच्या चालीने चाललात तर वाटेत चार माणसं भेटतील, दोन बोलतील. यजमान ज्यांच्या दुकानात बसायचे त्या गृहस्थांकडे एकदा जाऊन या, घरच्यांसोबत किंवा एकट्या. त्यांच्याही समोरची खुर्ची दहा महिने रिकामी आहे. यजमानांच्या काही गोष्टी अशा असतील ज्या फक्त त्यांनाच ठाऊक आहेत.

बंगळूरचं काय करायचं? "बंड्याला कोण बघणार" हे उत्तर खरं आहे, पण सगळं उत्तर तेवढंच आहे का, हे स्वतःला विचारा. कल्पना करा, त्याची उत्तम सोय झाली; वरचे भाडेकरू आनंदाने बघताहेत, डॉक्टर जवळ आहेत. आता जावंसं वाटतं का? वाटत असेल तर अडचण सोयीची आहे आणि ती सुटेल. छातीत धस्स झालं तर तुम्हाला इतक्यात घर सोडायचं नाही, आणि ते बंड्याच्या नावावर न घालता स्वतःच्या नावावर सांगा: "मला अजून इथेच राहायचंय." माझं मत विचाराल तर वर्षश्राद्ध दोन महिन्यांवर आलंय, तोवर कुठे जाऊ नका. लेक तेव्हा येईलच. तिला चार दिवस जास्त रजा काढून यायला सांगा आणि समोरासमोर बसून बोला. त्यानंतर गेलात तरी एकदम तीन-चार महिन्यांसाठी नको. पंधरा दिवस राहून बघा.

त्याला सोबत न्यायचं ठरलं तर गाडी करून, मध्ये थांबत थांबत जाणं म्हाताऱ्या कुत्र्याला सोपं. रेल्वेने न्यायचं तर वातानुकूलित प्रथम वर्गात दोन शायिकांचा पूर्ण कूपे किंवा चार शायिकांची पूर्ण केबिन आपल्या नावे असावी लागते, आणि पार्सल कार्यालयात आधी नोंद करून शुल्क भरावं लागतं. लसीकरणाची कागदपत्रं जवळ ठेवा. स्लीपर किंवा थ्री-टायरमध्ये कुत्र्याला परवानगी नाही. गार्डच्या डब्यातल्या पेटीतून पाठवण्याचीही सोय असते, पण सांधे दुखणाऱ्या अकरा वर्षांच्या जिवाला त्या पेटीत घालू नका.

तुमच्यासारखी पत्रं आणखीही येतात, म्हणून थोडं सगळ्यांसाठी. घरातलं माणूस गेलं की कुत्र्याच्या खाण्याच्या आणि फिरण्याच्या वेळा शक्यतो मोडू नका. एक दिवसाहून जास्त काही खाल्लं नाही तर शोक म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. त्याला सोबत म्हणून लगेच नवं पिल्लू आणू नका. म्हाताऱ्या कुत्र्याला त्याचा जाच होतो आणि घरातल्या थकलेल्या माणसाच्या मागे आणखी एक काम लागतं. सांत्वनाला जाणाऱ्यांना हात जोडून विनंती, की दुःखातल्या माणसाला कुत्र्याचा दाखला देऊ नका, चांगलाही नको आणि वाईटही नको. जाताना दूध घेऊन जा, कुत्र्याला एक फेरी मारून आणा.

आणि साठीच्या पुढच्या ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी एक कागद करून ठेवावा. आपल्याला अचानक दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर त्याला कोण घेणार, हे त्या माणसाला विचारून पक्कं करा आणि त्याचं नाव लिहा. खाली डॉक्टरांचा नंबर, चालू औषधं, तो काय खातो, रेबीजची लस कधी टोचली. ताई, तुम्हीही हा कागद करा. एक प्रत फ्रिजवर लावा, एक वरच्या भाडेकरूंकडे द्या, आणि एकाचा फोटो काढून लेकीला पाठवा.